मागच्या जिन्याचं कुलूप

सोमवार, ३ फेब्रुवारी

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू आपल्या मनाने भरतेस, म्हणून हे पत्र. शिवाय आत्याच्या घरी फोनवर बोलणं म्हणजे सगळ्या घराला ऐकवणं. इकडे सगळे बरे आहेत. आतोबांची कंबर पुन्हा धरली आहे. आत्या मला अजून पाहुणीसारखी वागवते, म्हणजे कपबशा विसळू देत नाही, पण टोमणे मात्र घरच्यासारखे मारते. शेवटी तुझीच लेक.

आता मुद्द्याचं. आमच्या शिलाईच्या खोलीत तिसऱ्या मजल्यावर चौसष्ट जणी बसतो. तू तिथेच बावीस वर्षं काढलीस, तुला काय सांगायचं. माझं मशीन अगदी मागच्या ओळीत, लोखंडी दाराला लागून. त्या दाराला हे एवढं कुलूप असतं आणि किल्ली मास्तरांच्या कमरेला. मागच्या जिन्याने कापड चोरीला जातं, असं मालकांचं म्हणणं. म्हणून येण्याजाण्याला पुढचा एकच जिना, आणि खाली झडती घेतात त्यामुळे तिथून एका वेळी एकच जण सुटते.

मागच्या आठवड्यात इस्त्रीच्या वायरीतून ठिणग्या उडाल्या आणि खालच्या चिंध्या पेटल्या. इस्त्रीवालीने चपलेने बडवून विझवल्या. मिनिटभराचा खेळ. पण त्या मिनिटात आम्ही मागच्या ओळीतल्या सगळ्या जणी एकदम त्या दाराकडे वळलो. आजी, माझे दोन्ही हात कुलपावर होते. आता शिवताना सुईपेक्षा मला ते कुलूपच जास्त दिसतं.

मी, माझ्या शेजारच्या मशीनवरची लंबू आणि काजं करणारी काजवाली, आम्ही तिघींनी ठरवलं की नुसतं घाबरून भागणार नाही. लंबूने सुटीच्या वेळी घड्याळ लावून मोजलं. चौसष्ट जणी खाली उतरायला अकरा मिनिटं लागली. आगीला अकरा मिनिटं दम धर म्हणून कोण सांगणार? आम्ही अर्ज लिहिला आहे. एक मालकांना, एक अग्निशमनवाल्यांना, एक कारखाने तपासणाऱ्या कचेरीला. एकतीस सह्या झाल्या. वयाने मोठ्या बायका मागे सरतात. त्यांचं म्हणणं, तुम्ही अठरा-एकोणीसच्या पोरी, तुमच्या मागे कोण रडतंय.

तुझा शब्द त्या मानतील. तुझ्या वेळी ते दार उघडं असायचं का? एवढं दोन ओळीत लिहून पाठव.

लोभ आहेच. रागव हवं तर, पण लिही.

तुझी,
टिटवी


शुक्रवार, ७ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
अ. आ.

पत्र पोचलं. वाचायला दोन दिवस लागले. चौथी शिकलेल्या बाईला एवढं बारीक लिहितात का? अक्षर म्हणजे शाईत पाय बुडवून कोंबडी पळाली आहे.

तू जन्मलीस तेव्हा असा सूर लावलास की सुईणीने कानात बोटं घातली, म्हणून मी तुझं नाव टिटवी ठेवलं. टिटवीनं समुद्र आटवला म्हणतात. म्हणणाऱ्यांपैकी एकही जण तो कोरडा समुद्र बघून आलेला नाही.

तो अर्ज फाड. आजच फाड. पहिली सही तुझी असणार हे मी न बघता सांगते. आणि तू नीटनेटकी, तेव्हा नावापुढे मशीनचा नंबर आणि घरचा पत्तासुद्धा लिहून घेतला असशील. मालकाला आयती यादी! अगं, ज्याला पकडायचं त्याच्या हातात दोरी देतं का कुणी?

त्या भिंतीशी बसू नकोस. अंग दुखतं म्हण, दिसत नाही म्हण, काहीही म्हण, पण पुढच्या दाराजवळची जागा मागून घे. काल तुझ्या आईने गॅसवर दूध करपवलं. जळका वास आला तशी मी या गुडघ्यांनी घरभर पळाले आणि अंगणात जाऊन उभी राहिले. तुझी आई हसली. मला हसू आलं नाही.

बाकी तू विचारलंस ते जुनं झालं. जुनं उकरून कुणाचं पोट भरत नाही.

जीव लावला आहे, तो सांभाळून ठेव.

तुझी आजी


शुक्रवार, ७ फेब्रुवारी

चि. मास्तर यास,
अ. आ.

तू आता मोठा माणूस, हाताखाली चौसष्ट बायका. पण सुईत दोरा कसा ओवायचा हे तुला मी शिकवलं, आणि तेव्हा तुझ्या नाकाला कायम शेंबूड असायचा, म्हणून हक्काने लिहिते.

माझ्या शब्दावर नातीला कामाला घेतलंस, उपकार झाले. आणखी एक कर. तिचं मशीन मागच्या भिंतीपासून उचल आणि पुढच्या दाराशी ठेव. पोर घाबरट नाही, पण त्या कुलपाचं तिने मनाला लावून घेतलं आहे, आणि सोबतच्या दोघी-तिघी तिच्या डोक्यात भरवतात. एकदा जागा बदलली की डोकंही थंड होईल. तिला माझं नाव कळू देऊ नकोस.

शिकवलेलं विसरला नसशील, तर मावशीचं हे एवढं ऐक.

तुझी मावशी


रविवार, १६ फेब्रुवारी

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

काय लिहू कळत नाही. सोमवारी कामावर गेले तर माझं मशीन पुढच्या दाराशी नेऊन ठेवलेलं. मी मागितलं नव्हतं. मास्तरांना विचारलं तर ते हसले आणि म्हणाले, उजेड चांगला आहे, बस. मंगळवारी सुटीच्या वेळी झडतीवाल्याने पिशव्या सोडून थेट जेवणाचे डबे उघडायला लावले, आणि तेही मागच्या दोन ओळींचेच. अर्ज काजवालीच्या डब्यात होता, तळाला, फडक्याखाली. तिच्याकडे मीच ठेवायला दिला होता, कारण ती सगळ्यात गरीब दिसते.

मास्तरांनी एकतीस नावं मोठ्याने वाचली. नंबरांसकट, पत्त्यांसकट. तू म्हणालीस तशीच ती यादी होती. मग म्हणाले, जिला हे मागे घ्यायचं असेल तिने आपल्या नावावर काट मारावी. सव्वीस जणींनी मारली. काजवालीला त्याच दिवशी काढलं. तिच्या घरी तिच्याच हातावर चार माणसं आहेत.

आजी, आता कुणी माझ्याशी बोलत नाही. जिला आदल्या दिवशी दाराजवळची जागा मिळते, तिनेच सांगितलं असणार, हे कुणी बोलत नाही पण सगळ्यांच्या डोळ्यांत आहे. लंबू माझ्या शेजारून जाते तेव्हा ओढणी आवरून घेते, जशी काही माझी घाण लागेल. मी काजवालीच्या दारात दोनदा जाऊन परत आले. कडी वाजवायचा धीर झाला नाही.

गुरुवारी त्या इस्त्रीची वायर पुन्हा तडतडली. मी दाराशी होते, मी सुटले असते. मागे वळून बघितलं तर मागच्या ओळीतल्या सगळ्या माझ्याकडेच बघत होत्या.

कुणी सांगितलं असेल गं? जेवण जात नाही. आत्याला वाटतं मला ताप आहे.

तुझा हात डोक्यावर असू दे.

टिटवी


बुधवार, १९ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
अ. आ.

मी सांगितलं.

पाणी पी आणि मग पुढचं वाच. तुला पत्र टाकलं त्याच दिवशी मी मास्तरलाही टाकलं. तुझी जागा बदल म्हणून. कुलपाचं पोरीने मनाला लावून घेतलंय, सोबतच्या दोघी-तिघी भरवतात, असं मीच लिहिलं. अर्जाचा अ लिहिला नाही, पण तो शेंबड्या काही दुधखुळा राहिलेला नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला वाटलं एक पोर उचलून बाजूला ठेवावी आणि बाकीच्यांचं त्यांच्या आयांनी बघावं.

आता रडत बसू नकोस, आणि माझी बाजू घेऊन दुसरीच काही कथा रचू नकोस. हे पत्र घे, काजवालीच्या घरी जा, कडी वाजव. लंबूला आणि आणखी मिळतील तेवढ्या जणींना बोलव आणि हे मोठ्याने वाच. अक्षराला हसल्या तर हसू दे. शिव्या दिल्या तर त्या मला आहेत, तू मध्ये पडू नकोस.

अर्ज करू नको असं अजूनही मला वाटतं. भीती गेलेली नाही. पण माझ्यामुळे एका पोरीचं काम गेलं, तेव्हा तुम्हाला गप्प करायचं तोंड मला राहिलेलं नाही. करणारच असाल तर नावं एकाखाली एक लिहू नका. टोपीची शिवण फिरवतो तशी गोल फिरवा. वाचणाऱ्याने कागद कसाही धरला तरी पहिली कोण ते त्याला सापडू नये. नंबर नको, पत्ता नको. आणि कागद डब्यात ठेवू नका. झडती घेणारा कधीतरी डबा उघडतोच, हे मला आधी सुचायला हवं होतं.

लोभ ठेव म्हणायला जीभ रेटत नाही. ठेवलास तर बरं वाटेल.

तुझी आजी


मंगळवार, २५ फेब्रुवारी

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून पहिला दिवस मी तुझ्यावर इतकी चिडले होते की तुला इथे लिहिता येणार नाही. दुसऱ्या दिवशी काजवालीची कडी वाजवली.

रविवारी तिच्या खोलीत चौदा जणी आल्या. दोन खाटांवर आणि उंबऱ्यावर दाटीवाटीने बसल्या होत्या. मी वाचायला लागले. 'मी सांगितलं' म्हटल्यावर कुणी हललं नाही. शेंबड्या म्हटल्यावर मात्र लंबू फस्सकन हसली आणि मग सगळ्याच. वाचून झाल्यावर काजवालीच्या आईने विचारलं की ही म्हातारी नेहमीच एवढी खरी बोलते का. मी म्हटलं, उशिरा बोलते. काजवालीने तुझं पत्र माझ्या हातातून घेऊन पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाली की राग आहे आणि तो राहणार आहे, पण ताट आण. ताट पालथं घालून कागदावर गोल काढला आणि पहिलं नाव तिने लिहिलं. कुठून सुरू झालं ते आता मलाही ओळखता येत नाही.

रात्रीपर्यंत घरोघर फिरून त्रेचाळीस नावं झाली. काट मारलेल्यांपैकी एकोणीस जणी परत आल्या. सोमवारी अर्ज दोन्ही कचेऱ्यांत जाऊन स्वतः दिले आणि पोच घेतली.

आणखी एक. मी मास्तरांना सांगून माझी जुनी जागा परत घेतली. कात्री आणि डबी उचलली आणि मागच्या भिंतीशी जाऊन बसले. तू ओरडशील. पण दाराजवळ बसून मागच्यांसाठी दार मागणं मला जमेना. वायर तडतडली की माझी शिवण वाकडी जाते.

मी तुला विचारलं होतं, तुझ्या वेळी ते दार उघडं असायचं का. दोन पत्रं आली, दोन्हींत तू त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीस. आता पुन्हा विचारते.

आहे तो लोभ तुटलेला नाही, एवढं समज.

टिटवी


गुरुवार, २७ फेब्रुवारी

ती. स्व. मावशींस,
शि. सा. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं त्याच दिवशी नातीची जागा बदलली होती. तिनेच ती लाथाडली, माझा नाइलाज आहे.

येत्या गुरुवारी, सहा तारखेला, तपासणीचे साहेब यायचे आहेत. आतून कळलं. त्या दिवशी दार उघडंच असेल, काळजी नसावी. पण आपण जुन्या कामगार, आपल्या शब्दाला वजन आहे. आपल्या काळात दार कायम उघडं असे आणि कधी काही तक्रार नव्हती, असं चार ओळीत सहीनिशी लिहून पाठवावं. साहेबांना दाखवता येईल आणि पोरीची नोकरीही राहील.

तपासणीच्या दिवशी कुलूप कुणाच्या डब्यात असायचं, हे मी अजून कुणाला बोललो नाही. बोलायची वेळ येऊ नये अशी इच्छा आहे.

आपला आशीर्वाद पूर्वीसारखाच मिळावा.

आपला,
मास्तर


शनिवार, १ मार्च

चि. टिटवीस,
अ. आ.

सोबत मास्तरचं पत्र जोडलं आहे. ते आधी वाच. म्हणजे मला कमी लिहावं लागेल.

दार बंद असायचं. मी लागले त्याच्या तिसऱ्या वर्षी कुलूप आलं आणि मी सोडलं तेव्हाही होतं. तपासणीचा साहेब वर्षातून एकदा यायचा. त्या सकाळी जुना मुकादम ते कुलूप काढून माझ्याकडे द्यायचा. माझा बटणांचा पत्र्याचा डबा मोठा होता. मी कुलूप तळाला ठेवून वर बटणं ओतायची. साहेब जायचा, मी बटणं उपसून कुलूप परत द्यायची. बावीस वर्षांत एकोणीस वेळा. एकदाही हात थरथरला नाही. बदल्यात मला पुढच्या दाराजवळची जागा होती. सगळ्या बायकांना ठाऊक होतं, सगळ्या गप्प होत्या. तुझ्याकडे त्या जशा बघत होत्या ना, तशाच माझ्याकडे बघायच्या. फरक एवढाच की माझ्या बाबतीत ते खरं होतं.

आग कधी लागली नाही. त्यामुळे मला वाटायचं मी काही वाईट केलं नाही. नोकरी जाईल म्हणून मी रोज घाबरले, आगीला मात्र एक दिवसही घाबरले नाही. आता इथे बसून घाबरते. तुझी आई पोळपाट आपटते तरी दचकते. तू त्या भिंतीशी आहेस हे डोळे मिटले की दिसतं, उघडले तरी दिसतं. तिथून ऊठ असं शंभर वेळा लिहायला घेतलं आणि खोडलं. तुला डाग मीच लावला, तो धुवायला तू तिथे बसलीस, आता मी कुठल्या तोंडाने उठवू?

कामाचं ऐक. साहेब दाराकडे बघतो. दार उघडं दिसलं की लिहितो आणि जातो. एकोणीस वेळा मी हेच बघितलं. दाराच्या पलीकडे कधी कुणी बघितलं नाही. दुसऱ्या मजल्यावर गोदाम आहे, त्याची मागची खिडकी त्याच जिन्यात उघडते. आमच्या वेळी गोदामात जागा संपली की तागे त्या खिडकीतून जिन्यात सरकवायचे. अजून सरकवत असणार. तेव्हा साहेबाला दार दाखवत बसू नका. त्याला म्हणावं, साहेब, या जिन्याने खाली उतरून दाखवा.

वेगळ्या कागदावर मी कुलपाचं सगळं लिहिलं आहे, सहीसकट आणि अंगठ्यासकटही. लिहिता येणारी बाई अंगठा कशाला देते असं तुझ्या बापाने विचारलं. मी म्हटलं सही माझी नव्हे असं उद्या कुणी म्हणेल, अंगठा कुठून आणेल? तो कागद साहेबाच्या हातात दे. मास्तरच्या आधी मीच बोलले की त्याच्याकडे बोलायला काही उरत नाही.

जपून राहा म्हणणार होते. आता ते तुला सांगणं म्हणजे थट्टा. तरी राहा.

तुझी आजी


शुक्रवार, ७ मार्च

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

मी धड आहे. हे आधी लिहिते, म्हणजे बाकीचं तू बसून वाचशील.

काल सकाळी कुलूप नव्हतं. दार सताड उघडं, समोरची जमीन पुसलेली. साहेब आले, दारापर्यंत गेले, वहीत काहीतरी लिहिलं आणि पेनाला टोपण लावू लागले. मास्तर चहाचं विचारत होते. मी उभी राहिले. आजी, मला आवाजच फुटेना. टिटवी म्हणे! तोंड उघडं आणि आत नुसती हवा. साहेबांची पाठ वळली. तेव्हा लंबू उभी राहिली. मग इस्त्रीवाली. मग ज्या मोठ्या बायकांनी सही केली नव्हती त्यांच्यातल्याही दोन. खुर्च्या सरकल्याचा आवाज ऐकून साहेब वळले आणि मला बोलता आलं. तू लिहिलंस तेच म्हटलं, खाली उतरून दाखवा.

मास्तर म्हणाले तिकडे धूळ आहे. साहेब गेले. सात पायऱ्या मोजल्या मी, मग पावलं थांबली. पुढे छतापर्यंत तागे. ते वर आले तेव्हा सदऱ्याला सुताचे तंतू लागले होते आणि चेहरा वेगळाच होता. मी तुझा कागद दिला. तो त्यांनी उभ्यानेच वाचला आणि विचारलं, ही बाई माझ्यासमोर येऊन हे सांगेल का. मी म्हटलं, सांगेल, आणि तुम्ही विचाराल त्यापेक्षा जास्तच सांगेल.

जिना मोकळा होईपर्यंत तिसरा मजला बंद केला आहे. तेवढ्या दिवसांची मजुरी नाही, म्हणून काही जणी मलाच बोल लावतात. काजवालीला परत घ्या असं साहेबांनी लिहून दिलंय. मालक म्हणतात काजांचं मशीन बिघडलंय. मास्तर जाताना माझ्याजवळ थांबले आणि काही न बोलता गेले. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

सगळ्या गेल्यावर मी त्या सात पायऱ्या उतरले. ताग्यांना हात लावून उभी राहिले. अंधार होता आणि कोऱ्या कापडाचा वास. त्या दिवशी चिंध्या पेटल्या तेव्हा कुलूप नसतं, तर आम्ही दार ढकलून इथेच आलो असतो. मागून बाकीच्या आल्या असत्या. सात पायऱ्यांवर चौसष्ट जणी. मी इतके दिवस कुलपाला घाबरत होते आणि मागायला निघाले होते फक्त कुलूप काढायला. तू सांगितलं नसतंस तर ते काढून घेतलं असतं आणि आनंदाने शिवत बसले असते. कालपासून दात एकमेकांवर आपटतायत, थांबत नाहीत.

तुझ्यावरचा राग अजून थोडा आहे. लोभ त्याहून पुष्कळ आहे.

टिटवी


मंगळवार, ११ मार्च

चि. टिटवीस,
अ. आ.

पत्र बसूनच वाचलं. सात पायऱ्यांपाशी चष्मा काढून ठेवला आणि थोड्या वेळाने पुन्हा लावला.

साहेबाच्या कचेरीतून मला बोलावणं आलंय. तुझा बाप म्हणतो या वयात कशाला. मी त्याला म्हटलं, त्या वयात गेले असते तर या वयात जावं लागलं नसतं. तो मला घेऊन येतोय. आधी काजवालीच्या घरी उतरणार, मग कचेरीत. तिच्या आईला सांगून ठेव की म्हातारी येते आहे, राग काढायचा तर समोर काढा.

ज्या बोल लावतात त्यांना उलट बोलू नकोस. मजुरी बुडाली की माणूस जवळच्याच अंगावर ओरडतो. मीही तेच केलं असतं. मास्तर बोलला नाही याची भीती बाळग. गप्प माणूस विसरत नाही.

तुझे दात थांबत नाहीत म्हणतेस. थांबवू नकोस. आता जिना मोकळा करतील, कागदावर लिहून देतील, चार महिने नीट ठेवतील. पाचव्या महिन्यात एक तागा येईल. फक्त आजच्यापुरता म्हणतील. म्हणून रोज सकाळी मशीनला हात लावायच्या आधी ते दार ढकल आणि तळापर्यंत उतर. लंबूला ने, नाही आली तर एकटी उतर. खालचं दार उघडलं तर वर येऊन कामाला लाग. नाही उघडलं तर बसू नकोस. उभी राहा. कुणी विचारलं का उभी, तर सांग.

आशीर्वाद नेहमीचेच आहेत. आधी जिना, मग मला पत्र.

तुझी आजी